आधी तडे, मग रंग

म्हाळसाबाई तांबट माझ्या टेबलावर पालथ्या आहेत,
चौकटीतून सुटलेल्या.
पाठीला मांजरपाट, इंचाला बेचाळीस धागे,
कुठल्याशा गिरणीचा अर्धा शिक्का,
आणि शिपायाने खडूने लिहिलेलं : हॉल, डावीकडची.

पाठ आधी वाचायची असते.
तोंडावर माणसं काहीही रंगवून घेतात.

खालच्या काठाला पुराची रेघ.
पाणी दुतोंड्या मारुतीच्या गळ्याशी आलं त्या साली
बाई भिंतीवरच राहिल्या, पदर भिजवत.
खिळ्यांच्या ओळीत अडकलेला गाळ मी काढला, चिमूटभर,
आणि डबीत ठेवून वर तारीख घातली.
टाकायचं काही नसतं आमच्यात.

मग सुलट्या केल्या. मग थुंकी.
हसू नका. कापसाची काडी जिभेवर फिरवायची,
मळावर हलकी लोळवायची, नवी घ्यायची.
सकाळपासून चहा नाही, बडीशेप नाही.
शेहेचाळीस काड्या, तेव्हा कुठे एक बाही.
उदबत्त्या, खडू, नव्वद वर्षांचे सत्कार
तपकिरी होऊन उतरले.

दिवा माझा, डोळा बाबांचा.
एकतीस वर्षं नोटप्रेसमध्ये
त्यांनी जांभळ्या उजेडाखाली कागद पाहिले.
जेलरोडहून रिक्षाने आले, जानेवारीची कानटोपी घालून.
म्हणाले, "आमच्याकडं खोटं असलं की पेटायचं.
खरा कागद गप बसतो."

माझ्याकडे उलटं.
जुनं वार्निश शेवाळासारखं उजळतं,
आणि नंतर कुणी हात फिरवला असेल
तिथे काळं दिसतं.

ट्यूबलाइट बंद केली.
म्हाळसाबाई हिरव्या झाल्या, कुंडातल्या पाण्यासारख्या,
आणि कपाळावर, बरोब्बर मधोमध,
आठ आण्यांएवढा अंधार.

बाबांनी कानटोपी काढली.

शाळेच्या फायलीत तीन ओळी :
चित्र, क्षेमकल्याणी मास्तर, १९३४.
यजमान वारले, १९३६.
देणगीदार बाई वारल्या, १९६१, एक दिवस सुट्टी.
मी लगेच गोष्ट रचली.
छत्तीस साली मास्तरांना बोलावणं,
पाच रुपये, गव्हाळ रंगाचा एक फटकारा,
झालं.

भिंगाला ती पटली नाही.
कपाळावर तडे आहेत,
मे महिन्यात गंगापूर धरणाचा तळ उघडा पडतो तसे,
आणि गव्हाळ रंग त्या तड्यांत उतरलाय, पार तळापर्यंत.
दोन वर्षांत असे तडे पडत नाहीत.
वीस लागतात, पंचवीस लागतात.
आधी तडे. मग रंग.

म्हणजे इतकी सगळी वर्षं
बाई बक्षीस समारंभाला यायच्या मोकळ्या कपाळाने,
बसायच्या त्याच भिंतीशी, स्वतःच्याच खाली,
आणि वर कुंकू तसंच.
कुणाची टाप नव्हती म्हणायची.
गेल्यावर कुणीतरी टेबलावर चढलं
आणि त्यांना सुधारलं.

किंवा शेवटच्या दुखण्यात
त्यांनीच सांगितलं असेल, पुसा आता.
तडे तेवढं सांगत नाहीत.
अहवालात मीही लिहिणार नाही.

क्लार्क शिरसाठांचा फोन :
"मॅडम, ते काढायचं का ठेवायचं, शनिवारी मीटिंगला घेतो.
तोवर हात लावू नका. आणि फ्रेम सोनेरीच बरं का."

हात लावला.
अर्धा मिलिमीटर, परवानगीतली चाचणी म्हणता येईल इतकाच,
तडा जिथे सर्वांत रुंद आहे तिथे.
एक थेंब. सातपर्यंत मोजलं. काडी लोळवली.
खाली गल्लीत कुणी हंडा ठोकत होतं,
माझा एक आकडा चुकला.

काडीवर गव्हाळ आला.
खाली लाल.

बाबांना हाक मारली.
त्यांनी चष्मा पुसला, भिंगावर वाकले,
श्वास रोखून बराच वेळ पाहिलं,
आणि सवयीने
कोपऱ्यात नंबर शोधू लागले.